जुना पासवर्ड बंद झाला का, हे कोण बघतं?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात सायबर सुरक्षेवर अर्धं पान आलं होतं, आवडलं. ओटीपी कोणाला सांगू नका, पासवर्डमध्ये वाढदिवस टाकू नका, सगळं बरोबरच आहे आणि ते कात्रण मी आईबाबांना वाचूनपण दाखवलं. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलोय. ह्या सूचना सगळ्या वापरणाऱ्याला आहेत. पण ज्या सर्व्हरवर तुमची आमची माहिती पडलेली असते त्याच्या ॲडमिन पासवर्डचं, म्हणजे सगळे अधिकार देणाऱ्या किल्लीचं काय, तो कोणाकडे असतो, माणूस नोकरी सोडून गेला की बदलतात का, आणि बदलला म्हणतात तेव्हा खरंच सगळीकडे बदललेला असतो का? मी गेली 16 वर्षं पुण्यात सर्व्हर सांभाळायचंच काम करतोय आणि ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच ठिकाणी "नाही" असंच आहे.

आधी थोडं समजावून सांगतो. एखाद्या कॉलेजचं ॲडमिशन पोर्टल घ्या. आपल्याला मोबाईलवर एक पान दिसतं, मागे मात्र एक ॲप्लिकेशन सर्व्हर चालू असतो, टॉमकॅट, वेबलॉजिक, जेबॉस असं काहीतरी. आणि तो एकटा नसतो. ॲडमिशनला वेगळा, फी भरायला वेगळा, रिझल्टला वेगळा, गर्दी सांभाळायला त्याच्या दोन दोन प्रती, टेस्टिंगला अजून एक. ह्या प्रत्येकाला आमच्याकडे इन्स्टन्स म्हणतात. टॉमकॅटमध्ये सॉफ्टवेअर एकदाच टाकून त्याच्यावर दहा इन्स्टन्स उभे करता येतात, एक 8080 पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनच्या दाराचा नंबर), एक 8081 वर, एक 8082 वर, पण प्रत्येकाचं कॉन्फ, म्हणजे सेटिंगचं, फोल्डर वेगळं आणि त्यातली युजर-पासवर्डची फाइलपण वेगळी. म्हणजे पासवर्ड बदलायचा तर दहा ठिकाणी बदलायचा. घराचं कुलूप बदलणं वेगळं आणि अख्ख्या सोसायटीची सगळी कुलपं एका रात्रीत बदलणं वेगळं.

आता गेल्या वर्षी आमच्याकडे काय झालं ते सांगतो, संस्थेचं नाव घेत नाही, पण शैक्षणिक काम आहे, हजारो मुलांचे फॉर्म तिथे असतात. आमच्यातला एक इंजिनिअर दुसरीकडे गेला. चांगला मुलगा, त्याच्याबद्दल काही तक्रार नाही, पण ॲडमिन पासवर्ड त्याला तोंडपाठ होता आणि सगळीकडे एकच होता. म्हणून ठरवलं की सगळे बदलायचे. एक्सेल शीट काढली, चार मशीन, 14 इन्स्टन्स. शनिवारी रात्री साडेअकराला बसलो आणि पहाटे तीनला उठलो. प्रत्येक फाइल उघडायची, नवा पासवर्ड टाकायचा, तोही साधा नाही तर हॅश करून, म्हणजे मूळ शब्द ओळखता येणार नाही असा बदलून, मग इन्स्टन्स बंद करून चालू करायचा, लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, बघायचा, नव्या पासवर्डने लॉगिन करून बघायचं, शीटमध्ये टिक करायची आणि पुढच्यावर जायचं. चौथ्या मशीनवर रिझल्टचा एक जॉब चालू होता, तो मध्येच तोडणं बरोबर नव्हतं, म्हणून तिथल्या एका इन्स्टन्सची फाइल बदलून ठेवली आणि म्हटलं रीस्टार्ट सकाळी करू. शीटमध्ये टिक मात्र पडली. सकाळ झाली, रविवार होता, ते राहिलं.

बुधवारी आमच्या ज्युनिअरचा फोन आला. "सर, नवा पासवर्ड घेत नाहीये. म्हणून सहज जुना टाकून बघितला, तर उघडलं." आमचं व्हर्जन जुनं होतं, ते ही फाइल फक्त सुरू होताना वाचायचं, त्यामुळे फाइलमध्ये नवा पासवर्ड आणि मेमरीत जुनाच. चार दिवस आम्ही निवांत होतो आणि दार उघडं होतं.

हे तरी चार दिवसांत कळलं. दुसरं कळायला चार महिने लागले. ऑडिटसाठी बाहेरून आलेल्या बाईंनी शांतपणे सगळे पोर्ट स्कॅन केले आणि विचारलं, तुमच्या यादीत 14 आहेत, मला 15 दिसतायत, हा 8084 वरचा कोणाचा? कोणालाच आठवेना. मग लक्षात आलं की दोन वर्षांपूर्वी टेस्टिंगसाठी प्रॉडक्शनची, म्हणजे खऱ्या चालू पोर्टलची, सगळी कॉपी काढून तिथे ठेवली होती आणि काम झाल्यावर बंद करायची राहिली. जुन्या पासवर्डने आत गेलो. आत मुलांचे फोटो, जातीचे दाखले, आधारच्या कॉप्या, आईवडलांचे उत्पन्नाचे दाखले, खरेच सगळे, टेस्ट डेटा वगैरे काही नाही. एका मुलीचा फोटो अजून डोळ्यासमोर आहे, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, दोन वेण्या, बहुतेक फॉर्म भरायच्या आदल्याच दिवशी काढलेला. तिने विश्वासाने आमच्याकडे दिला होता.

कोणी आत येऊन गेलं का ते शोधायला लॉग उघडले. तर 30 दिवसांपेक्षा जुने लॉग आपोआप उडवणारी एक स्क्रिप्ट कोणीतरी जागा वाचवायला लावून ठेवली होती. म्हणजे शेवटच्या महिन्यात कोणी आलं नाही एवढं सांगता येतं आणि त्याच्या आधीच्या तीन महिन्यांचं काहीच सांगता येत नाही. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या सर्ट-इन संस्थेने 28 एप्रिल 2022 ला जे आदेश काढले त्यात लॉग 180 दिवस ठेवायचे हे स्पष्ट लिहिलंय, घटना लक्षात आली की 6 तासांत कळवायचं हेही लिहिलंय. 180 दिवस कशासाठी ते मला त्या दिवशी कळलं.

कोणी म्हणेल ॲडमिन पासवर्ड सापडला तर एवढं काय होतं. टॉमकॅटचं जे मॅनेजर पान असतं त्यात लॉगिन झालं की ब्राउझरमधूनच एक वॉर फाइल अपलोड करता येते, म्हणजे आपलं स्वतःचं ॲप्लिकेशन त्या सर्व्हरवर टाकून चालवता येतं. टॉमकॅट ज्या युजरने चालू असेल त्याला जे जे करता येतं ते सगळं मग त्या उपऱ्या माणसाला करता येतं आणि कोणी आळसाने तो रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या, युजरने चालू केलेला असेल तर अख्खं मशीनच गेलं. वर ह्याच पानावर लॉगिन जमलं नाही की जे एरर पान येतं त्यात मदत म्हणून एक नमुना दिलेला असतो, युजर टॉमकॅट आणि पासवर्ड म्हणजे सीक्रेट ह्या इंग्रजी शब्दातला पहिला ई काढून तिथे 3 चा आकडा. तो नमुना जसाच्या तसा कॉपी करून वर्षानुवर्षं चाललेले सर्व्हर मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. आणि तो पासवर्ड हल्ला करणाऱ्यांच्या यादीत असतोच असतो. 2016 मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने, म्हणजे हॅक केलेल्या उपकरणांच्या फौजेने, कंपनीतून आलेले साठेक युजर-पासवर्ड नुसते एकामागून एक टाकून बघत लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. 2017 मध्ये इक्विफॅक्ससारख्या, लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या कंपनीचं अर्जेंटिनामधलं एक पोर्टल ॲडमिन आणि ॲडमिन एवढ्यावर उघडत होतं.

वेबलॉजिकची तऱ्हा वेगळी. तिथे कन्सोलमधून, म्हणजे ॲडमिनच्या पानावरून, एकदा बदलला की त्या डोमेनमधल्या, म्हणजे त्या गटातल्या, सगळ्या सर्व्हरला लागू होतो, त्यामुळे काम सोपं वाटतं. पण सर्व्हर सुरू होताना जो युजर-पासवर्ड लागतो तो बूट.प्रॉपर्टीज नावाच्या फाइलमध्ये वेगळा ठेवलेला असतो, कन्सोलमधून बदलला म्हणून तो बदलत नाही. आधीच्या नोकरीत आम्ही पासवर्ड बदलला, सगळं व्यवस्थित चाललं, सगळे खूश. दीड महिन्याने लाइटच्या कामासाठी मशीन बंद केलं आणि परत चालू केलं तर ॲडमिन सर्व्हर उठेना, लॉगमध्ये बूट आयडेंटिटी चुकीची आहे असा मेसेज, आणि नेमकी पगाराची बिलं काढायची तारीख. तीन तास गेले, कारण दीड महिन्यापूर्वीच्या पासवर्डचा आणि ह्याचा संबंध असेल हे कोणाच्या डोक्यातच येईना. उपाय दोन मिनिटांचा होता, त्या फाइलमध्ये नवा पासवर्ड साध्या अक्षरात लिहायचा आणि सर्व्हर चालू करायचा, सुरू होताना तो स्वतःच एन्क्रिप्ट करून टाकतो. अजून एक प्रकार म्हणजे मॉनिटरिंगची, म्हणजे सर्व्हर चालू आहे ना हे बघत राहणारी, स्क्रिप्ट. तिच्यात जुना पासवर्ड लिहिलेला राहतो, ती दर मिनिटाला लॉगिन करायला बघते, आणि डिफॉल्ट सेटिंगमध्ये पाच मिनिटांत पाच चुकीचे प्रयत्न झाले की अकाउंट अर्धा तास लॉक, मग रात्री अडीचला बरोबर पासवर्ड टाकणारा माणूससुद्धा बाहेर. बॅकअपच्या स्क्रिप्ट, डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्ट, दुसऱ्या शहरातला डीआर, म्हणजे आपत्तीसाठी ठेवलेला, सर्व्हर, नवीन मशीन जिच्यावरून बनवतात ती इमेज, जुना पासवर्ड अशा सगळ्या ठिकाणी राहिलेला असतो. इमेजचं तर फार वाईट, आज सगळीकडे बदलला आणि महिन्याने लोड वाढला म्हणून त्या इमेजवरून नवीन मशीन उभं राहिलं की जुना पासवर्ड परत जिवंत.

म्हणून माझं कळकळीचं म्हणणं एवढंच आहे की पासवर्ड बदलल्यावर नवा चालतो का हे सगळे बघतात, जुना बंद झाला का हे कोणी बघत नाही. खरी तपासणी ती आहे. जुना पासवर्ड घ्यायचा आणि प्रत्येक इन्स्टन्सवर, प्रत्येक पोर्टवर टाकून बघायचा, सगळीकडून नकार आला तरच काम झालं. आणि यादी माणसाच्या आठवणीवरून नाही करायची, नेटवर्क स्कॅन करून करायची, कारण आठवणीत 14 होते आणि स्कॅनमध्ये 15.

दर 90 दिवसांनी पासवर्ड बदला अशी सक्ती बऱ्याच ऑफिसात असते, त्याबद्दलही बोलतो. अमेरिकेच्या निस्ट ह्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2017 मध्येच सांगितलं की ठराविक मुदतीने उगाच बदलायला लावू नका, तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदला. मला ते पटतं, कारण सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात, बस. पण ते माणसाच्या स्वतःच्या पासवर्डबद्दल आहे. पाच जणांना माहीत असलेला ॲडमिन पासवर्ड, आणि त्यातला एक जण सोडून गेला, तर तो त्याच दिवशी बदलायला हवा, तिथे थांबायचं कारण नाही. खरं तर प्रत्येकाला स्वतःचं वेगळं ॲडमिन अकाउंट द्यावं, म्हणजे एकजण गेला की एकच अकाउंट बंद करायचं आणि कोणी काय केलं तेही लॉगमध्ये नावानिशी दिसतं. ॲन्सिबलसारखं, अनेक मशीनवर एकदम बदल करणारं टूल वापरलं तर 14 ठिकाणचं काम अर्ध्या तासात होतं, आम्ही आता तेच वापरतो, आणि पासवर्ड वॉल्टमध्ये, म्हणजे कुलूपबंद डिजिटल तिजोरीत ठेवतो, व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. पूर्वी पाठवायचो, ते चूकच होतं. पण टूलसुद्धा यादीत जे आहे तेवढंच बदलतं, 8084 वरचा त्याला कुठून दिसणार.

तुमचा पेपर संस्थाचालक, पतसंस्थांचे संचालक, नगरपालिकेतले अधिकारी, हॉस्पिटलचे ट्रस्टी सगळे वाचतात, त्यांना हात जोडून सांगायचंय. सॉफ्टवेअरचं काम कोणाला दिलं असेल तर त्याला विचारा, आमचे एकूण इन्स्टन्स किती, ॲडमिन पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे, शेवटचा कधी बदलला, आणि जुना बंद झाल्याचं कोणी तपासलं. उत्तर तोंडी नको, लिहून घ्या. पुढच्या टेंडरमध्ये ही अट टाका. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट सांभाळली नाही तर 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण दंडासाठी नका करू, त्या दोन वेण्यांवाल्या मुलीसाठी करा.

आणि आयटी कंपन्यांच्या मॅनेजर मंडळींना एक विनंती. ह्या कामाला वेळ द्या. "पासवर्डच तर बदलायचाय, पाच मिनिटांचं काम" असं म्हणून ते शुक्रवारी संध्याकाळी एकट्या मुलाच्या गळ्यात घालू नका. दोन माणसं लागतात, एकाने बदलायचं आणि दुसऱ्याने जुना टाकून बघायचा, सर्व्हिस बंद ठेवायला ठरवून वेळ लागतो आणि रात्र जागलेल्या पोरांना दुसऱ्या दिवशी सुट्टी लागते. आमचा तो एक रीस्टार्ट राहिला तो कोणी हलगर्जी होतं म्हणून नाही, पहाटे तीनला मिटत्या डोळ्यांनी शीटमध्ये टिक पडली म्हणून राहिला.

ह्या महिन्यात आमच्याकडचा अजून एक जण सोडून चाललाय, त्यामुळे येत्या शनिवारी आम्ही परत बसतोय. ह्या वेळी स्कॅन आधी केलाय, इन्स्टन्स 17 निघालेत, आणि शीटमध्ये शेवटी एक नवीन कॉलम टाकलाय, "जुना नाकारला का". तो ज्युनिअर भरणार आहे, मी नाही, आणि 17 च्या 17 ओळी भरल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही असं ठरलंय.

आपला जुना वाचक,
एक सिस्टिम ॲडमिन, पुणे