छत्रीखालचा झेंडू

सांगली,
१२ फेब्रुवारी

प्रिय बाळू,

चिमीच्या वाढदिवसाला तू नाशिकहून रात्रीच्या गाडीने आलास. निघताना जिन्यात मला बाजूला घेऊन हळूच विचारलंस, "तिला दिसतं ना रे?" मी म्हणालो, "दिसतं की. डोळे बघितलेस ना, केवढे आहेत." आणि तुझी बॅग उचलून पुढे झालो. मी तुझ्याशी खोटं बोललो. महिना होत आला, ते मनातून जात नाही. फोनवर सांगायला गेलो तर मधेच रडायला येईल, म्हणून लिहितोय.

पहिल्यापासून सांगतो. गेल्या वर्षी जानेवारीत, गळीत हंगाम ऐन भरात असताना ती झाली. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. तुझ्या वहिनीला पहिले दोन दिवस दूधच उतरलं नाही. बाळ सारखं झोपून असायचं, छातीशी धरलं तरी ओढायचं नाही. येणारा-जाणारा म्हणायचा, किती शांत आहे, गुणाची आहे पोर. तिसऱ्या दिवशी पहाटे तिचे ओठ आणि एक हात थडथडायला लागले, अंग निळसर पडलं. टाचेतून थेंबभर रक्त काढून बघितलं तर साखर १८. नवजात बाळाची ४०-४५च्या खाली गेली तरी डॉक्टर धावपळ करतात. चिमीची १८वर किती तास होती, कुणास ठाऊक.

बाळू, माझं काम तुला माहीत आहे. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर मी उसाच्या रसाचा ब्रिक्स आणि पोल काढतो, म्हणजे रसात विरघळलेलं एकूण किती आणि त्यातली साखर किती. पाळी कुठलीही असो, ठरलेल्या वेळी नमुना काढायचा, साखर मोजायची, वहीत लिहायची. आणि माझ्या पोरीच्या रक्तातली साखर दोन दिवस कुणी मोजली नाही. मीसुद्धा 'एकदा बघा' म्हणालो नाही. मला ते सुचायला हवं होतं. त्या दवाखान्याचं नाव इथे लिहीत नाही. एकदा भांडायला म्हणून गेलो होतो, पायरीवरूनच परत फिरलो.

नवजात बाळाची साखर फार खाली गेली की सगळ्यात जास्त मार मेंदूच्या मागच्या भागाला बसतो, आणि नेमका तोच भाग पाहण्याचा. डोळा फक्त चित्र आत पाठवतो, ते काय आहे हे मागे कळतं. चिमीच्या एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंना तिथेच व्रण आहेत. पुढे फिट आली तीही त्याच जखमेतून. म्हणजे फिट आणि नजर हे दोन वेगळे आजार नव्हतेच. हे समजायला मला सहा महिने लागले.

जूनमध्ये, पाचव्या महिन्यात, ती झोपेतून उठली की मान एकदम पुढे टाकायची आणि दोन्ही हात बाजूला फेकायची. क्षणभरच. मग थोडं थांबून पुन्हा. असं पंधरा-वीस वेळा, आणि शेवटी दमून रडायची. आई म्हणाली, पोटात कळ येते. ओवा झाला, हिंगाचं पाणी झालं. शेजारच्या काकूंना मात्र ती फिट वाटली, आणि त्या कांदा फोडून घेऊन आल्या. कुणी चप्पल हुंगवायला सांगितलं. कुणावर राग नाही रे, सगळे मायेनेच करत होते. पण त्यात बारा दिवस गेले. शेवटी हिने मोबाइलवर व्हिडिओ काढला, आणि डॉक्टरांनी तो अर्धाच बघून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढायला सांगितला.

या फिटला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. वेस्ट हे एका इंग्रज डॉक्टरचं नाव. १८४१ साली त्याने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला एक पत्र लिहिलं, आणि ते स्वतःच्या मुलाबद्दल होतं. पोराचं डोकं पुढे झुकतं, पुन्हा झुकतं. जळवा लावून झाल्या, डोक्यावर थंड पट्ट्या झाल्या, हिरड्यांना चिरा देऊन झाल्या, अफूचं सरबत झालं. कशानेच गुण नाही, तर असं काही कुणी बघितलंय का, असं तो इतर डॉक्टरांना विचारत होता. रात्री दोन वाजता कारखान्यात बसून हे वाचलं तेव्हा मला कांदा आठवला. त्याच पत्रात तो लिहितो की मूल हसत नाही, कशाची दखल घेत नाही, पण त्याचं ऐकणं आणि दिसणं चांगलं आहे. हे मी कितीदा वाचलं असेल. पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्या बापाला पोराच्या नजरेबद्दल हे लिहिता आलं, आणि मला ते म्हणता येत नव्हतं. कारण चिमी तेव्हा माझ्याकडे बघायचीच नाही. माझ्या चेहऱ्यावरून तिची नजर भिंतीवरून जावी तशी निघून जायची.

आधी स्टेरॉइड दिलं. तोंड भोपळ्यासारखं सुजलं, रक्तदाब वाढला, रात्रभर चिडचिड. झटके थांबले, आणि औषध उतरवताना पुन्हा सुरू झाले. मग जुलैअखेर व्हिगाबॅट्रिन हे फिटचं दुसरं औषध सुरू झालं. ५०० मिलिग्रॅमची गोळी १० मिली पाण्यात विरघळवायची, तिच्या वजनाला येईल तेवढं सिरिंजमध्ये ओढायचं, गालाच्या आतल्या बाजूने थेंब थेंब सोडायचं. सकाळी आणि रात्री. हे माझं काम. लॅबमधला हात आहे, सिरिंजमध्ये बुडबुडा राहिलेला मला चालत नाही.

दहाव्या दिवशी झटके थांबले. बाराव्या दिवशी हिने पिवळी ओढणी वाळत घालायला झटकली आणि चिमीची मान तिकडे वळली. ही हातात ओढणी धरून तशीच उभी राहिली. पुन्हा हलवली, पुन्हा वळली. त्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून किती रडलो ते सांगत नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत विजेचा गोंधळ चालू असला की मूल बघायचंच सोडून देतं, गोंधळ थांबला की नजर पुन्हा मार्गावर येऊ लागते.

आणि आता जे जिन्यात बोलायला हवं होतं ते. ज्या औषधाने तिची नजर परत आणली, तेच औषध नजरेच्या कडा खाऊ शकतं.

गोळी सुरू करायच्या आधीच डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, कागदावर दोघांच्या सह्याही घेतल्या होत्या. व्हिगाबॅट्रिन डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतं. समोरचं दिसत राहतं, बाजूचं आक्रसत जातं, नळीतून पाहावं तसं. १९९७ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा लिहिलं, तेही मोठ्या माणसांबद्दल. पुष्कळांना नुकसान बरंच पुढे गेल्याशिवाय कळतच नाही, आणि जे गेलं ते औषध बंद करूनही परत येत नाही. सगळ्यांना होतं असं नाही, पण जितका डोस मोठा आणि जितके महिने जास्त, तितकी भीती जास्त. मी विचारलं, मग दुसरं काही? ते म्हणाले, झटके चालू राहिले तर मेंदूचं रोज नुकसान आहे, ते नक्की आहे. डोळ्यांचं 'कदाचित' आहे. मी सही केली. तू असतास तरी केली असतीस.

मोठ्या माणसाची बाजूची नजर मोजायला यंत्र असतं. हनुवटी टेकवायची, समोर बघायचं, कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. वर्षाच्या पोरीला कुठलं बटण? पुण्याला नेऊन झोपेत ईआरजी काढला, म्हणजे हृदयाचा ईसीजी काढतात तसा डोळ्याच्या पडद्याचा. पडदा सध्या ठीक काम करतोय. पण ती तपासणी पडद्याचं सांगते. चिमीला कडेचं किती दिसतं, हे सांगणारा माणूस आज कुठेच नाही. मला सगळ्यात जड हेच जातं. ज्याचं मोजमाप नाही अशी गोष्ट मी आयुष्यात कधी हाताळलेली नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीन दिवस ॲट्रोपिनचं, म्हणजे बाहुली मोठी करणारं, मलम लावायला सांगून मग आत बघितलं. म्हणाल्या, डोळे चांगले आहेत, नंबर किरकोळ आहे, चष्मा आत्ता नको. काजळ मात्र बंद. आईला हे फार लागलं. आता ती काजळाची तीट फक्त गालावर लावते आणि संध्याकाळी मीठ-मोहरी उतरून टाकते. मी काही बोलत नाही. एवढ्या सगळ्यात तिला करण्यासारखं तेवढंच उरलंय. तर डॉक्टर म्हणाल्या, अडलंय ते मागे मेंदूत. त्याला सीव्हीआय म्हणतात. अशा मुलांची नजर एकसारखी नसते, आज जे दिसलं ते उद्या दिसेलच असं नाही. गर्दीत, गोंगाटात, नक्षीदार कपड्यांत त्यांना काही वेगळं काढता येत नाही, आणि मग ती दिव्याकडे नाहीतर पंख्याकडे बघत बसतात. आठवतंय? वाढदिवसाला फुगे, गाणी, चाळीस माणसं, आणि चिमी माझ्या खांद्यावरून सारखी ट्यूबकडे बघत होती. तुझ्या वहिनीने, माझ्या आईने, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हाही. तू ते बघितलंस, म्हणूनच विचारलंस. मीही बघत होतो.

डॉक्टर म्हणाल्या, सुधारते ही नजर, पहिल्या काही वर्षांत जास्त. किती, ते आत्ता सांगता येणार नाही. पण वाट बघत बसू नका, रोज दाखवा. "मोठी झाली की बघेल" असं आम्हाला किती जणांनी सांगितलं, आणि तेच ऐकत बसलो असतो तर ही वर्षं हातची गेली असती. तसंच लोक सांगतात की टीव्हीच्या उजेडाने फिट येते. लुकलुकत्या उजेडाने येणारी फिट असते, पण ती वेगळी, चिमीची तसली नाही. एवढं विचारून घेतल्यावर तिला अंधारात ठेवणं तरी थांबलं.

आता छत्रीचं. थेरपीच्या ताईंनी सांगितलं, काळी पार्श्वभूमी आणि तिच्यापुढे एकच गोष्ट. माझी जुनी काळी छत्री, वडिलांची, लाकडी मुठीची. ती उघडून चटईवर आडवी ठेवतो, चिमीला तिच्या आत डोकं येईल अशी निजवतो. पंखा बंद, रेडिओ बंद, कुणी बोलायचं नाही. छत्रीच्या काडीला दोऱ्याने एक झेंडू बांधतो. पिवळा, टपोरा, मंडईतून रोज ताजा आणतो. दोरा हलकाच हलवतो. पहिले काही दिवस काहीच नाही. मग एकदा तिचे पाय थांबले. तू तिला बघितलंयस, पाय सतत सायकल मारल्यासारखे चालू असतात. ते थांबले, श्वास थांबल्यासारखा झाला, आणि बुबुळं हळूहळू सरकत झेंडूवर येऊन थांबली. मी मनात मोजले, सात सेकंद. मग तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. मला वाटलं संपलं. पण तोंड तिकडे ठेवूनच तिचा उजवा हात वर आला आणि झेंडूला लागला. एक पाकळी तिच्या बोटात आली. ताई म्हणाल्या, या मुलांना एका वेळी बघणं आणि धरणं दोन्ही जमत नाही, म्हणून ती आधी बघून घेतात आणि मग नजर काढून हात घालतात. म्हणजे तिने बघितलं होतं, बाळू. बघून लक्षात ठेवलं होतं.

त्यानंतर मी वही केली. तारीख, वेळ, कुठल्या बाजूने आणलं, किती सेकंद. आता दुसरा झेंडू तिच्या कानामागून हळूहळू पुढे आणतो, आणि तिची बुबुळं कधी वळतात ते बघतो. उजवीकडे कानाच्या जरा पुढे आलं की वळतात. डावीकडे उशिरा, कधी कधी वळतच नाहीत. ही डावीकडची कसर पहिल्यापासूनची, व्रणाची, की औषधाची? रोज वही उघडतो आणि रोज याच ठिकाणी अडतो. ही मला म्हणते, "तिला खेळव जरा, सारखा परीक्षा घेतोस." तिचं बरोबर आहे. रविवारी वही कपाटात ठेवायची असं आता ठरवलंय.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. व्हिगाबॅट्रिनला सहा महिने पूर्ण झाले, आता आठवड्याआठवड्याने उतरवायचं म्हणतात. उतरवलं आणि झटके परत आले तर? ठेवलं आणि कडा गेल्या तर? हिला वाटतं उतरवावं. मलाही तेच वाटतं. पण रात्री सिरिंज भरताना हात थांबतो.

तू पाडव्याला येतो म्हणालास, तर ये. वाढदिवसाला घातला होतास तो चौकडीचा शर्ट आणू नकोस, एका रंगाचा साधा घाल, पिवळा असेल तर फार बरं. आल्या आल्या तिला हाक मारू नकोस, टाळ्या नकोत, खुळखुळा नको. तिच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर, चटईवर बस आणि गप्प राहा. पाच मिनिटं लागतील, कधी दहा. तिचे पाय थांबले की समज.

तुझा,
चिमीचा बाबा