अण्णा, त्या पान्याबद्दल

अण्णा, नमस्कार.

गाडी विकायला काढलीय हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. म्हणून लिहायला बसलो. समोर आलो असतो तर तुम्ही लेथ चालू करून माझं बोलणंच बुडवलं असतं.

वडिलांची १९५७ ची बीएसए ए-१० मोटरसायकल. ६४६ सीसी, दोन सिलिंडर, दोन्ही पिस्टन एकदमच वर आणि एकदमच खाली, त्यामुळं जरा पळवली की हाताला मुंग्या. बर्मिंगहॅमचं हे धूड आमच्या दारात दहा वर्षं ताडपत्रीखाली उभं होतं. हलवायची तर माझा गुडघा आडवा यायचा.

तुमच्याआधी जिथं दिली होती त्या गॅरेजचं नाव घेत नाही. चौदा महिने ठेवून घेतली. क्रोम असं झगझगीत करून दिलं की गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा वाटावा. बिलावर 'इंजिन पूर्ण खोलून केलं' असं ठसठशीत अक्षरात. तुम्ही क्रँकमधली, तेलातला गाळ साठवणारी नळी बाहेर ओढलीत, तर आत काळा गाळ दगडासारखा ठासलेला! तसंच पळवलं असतं तर बिग-एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगचं तेल तुटून रॉडनं इंजिनची केस फोडली असती. तुम्ही शिवीसुद्धा दिली नाहीत. गाळ पेपरवर काढून दाखवलात आणि म्हणालात, "कंपनीनं नुसती जाळी दिलीय की ओ. फिल्टर लावू." बारा व्होल्ट, नवा हेडलाइट हे बाकीचं घेणाऱ्याला मी सांगेनच.

माझ्या मनातून जात नाही तो पाना.

आधीच्यानं व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची मापाच्या नटांना मिलिमीटरचे पाने लावून निम्म्यांचे कोपरे खाल्ले होते. तुमच्याकडं तरी ते पाने कुठले असणार, तुम्ही अशोक चौकाकडचे मागाचे पार्ट करणारे. मीच म्हणालो, "लावा की मिलिमीटरचा, बसतोय जवळपास." तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात आणि त्या दिवशी गाडीला हातच लावला नाहीत. दुसऱ्या दिवशी आलो तर एक जुना पाना शिकंज्यात. कानसीचे दोन हात, नटावर बसवून बघायचा, परत दोन हात. उरलेले नट वडिलांनी स्वतः आवळलेले होते, हे मी तुम्हाला तोपर्यंत सांगितलंही नव्हतं.

त्याचे पैसे बिलात नाहीत. गाडी दिलीत तेव्हा पाना चादरीच्या तुकड्यात गुंडाळून हातात ठेवलात. "गाडी जिकडं जाईल तिकडं हा पण जाऊ द्या." पोरगी सासरी पाठवल्यासारखं.

गिऱ्हाइकाला दिसणार नाही तिथंही नीट काम करणारी माणसं आपल्या सोलापुरात आहेत. पाटी नसते, पत्ता विचारावा तर पानपट्टीवाला सांगतो. मी उगाच चौदा महिने क्रोमकडं बघत बसलो.

रविवारी पुण्याचं गिऱ्हाईक येतंय. तुम्ही या. किक तुम्हीच मारा आणि पान्याचं काय ते तुम्हीच समजावून सांगा. तो द्यायच्या वेळी मी चहा सांगायला म्हणून आत जाईन, तेवढं सांभाळून घ्या.