दर जूनला नव्यानं सांगायचं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस राहिलेत म्हणून हे पत्र मोबाईलवरच टाईप करतेय, काही चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घ्या. माझा मुलगा यंदा पाचवीत जाईल. त्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, तपासणीत 65 डेसिबलचा लॉस निघालाय, दोन्ही कानांना मशीन आहे. बोलतो छान, गणित आवडतं, गल्लीत क्रिकेट खेळतो. आमच्या भागातल्या साध्या अनुदानित मराठी शाळेत जातो, शाळेचं नाव लिहीत नाही कारण मला कुणाची तक्रार करायची नाहीये आणि इतर शाळांमधल्या आयांकडूनही मी हेच ऐकते.

गेल्या वर्षी चौथीत असताना त्याची शुद्धलेखनाची वही हातात पडली. वीस शब्द घातले होते. पहिले चार बरोबर, मग सहा जागा कोऱ्या, मग पुन्हा तीन बरोबर, मग कोऱ्या. खाली लाल पेनानं 'लक्ष देत नाही'. मी त्याला जवळ घेऊन विचारलं की रे असं कसं, मधलेच शब्द कसे राहिले, तर म्हणाला, मॅडम शब्द सांगत सांगत मागं जातात, मग पुढं येतात, मग परत मागं जातात. मग माझ्या लक्षात आलं. मॅडम त्याच्यासमोर होत्या तेव्हाचे शब्द त्यानं लिहिले होते आणि पाठमोऱ्या झाल्या की जागा सोडली होती. मॅडम वर्गात कुठून कुठं फिरल्या ते त्या वहीवरून सांगता आलं असतं. पोरगं इतकं लक्ष देत होतं की किती शब्द चुकले हे मोजून तेवढ्या ओळी त्यानं रिकाम्या ठेवल्या होत्या, आणि शेरा काय तर लक्ष देत नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मॅडम वाईट नाहीत हो. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चष्मा लावला की दिसतं तसं मशीन लावलं की ऐकू येतं असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. मशीन सगळाच आवाज मोठा करतं, फॅनचा, बाक सरकवल्याचा, शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांचा. त्यातनं बाईंचा आवाज वेगळा काढायचा तर त्याला ओठ बघावे लागतात, आणि ओठांवर प, ब, म सारखेच दिसतात, म्हणजे अर्धं ऐकून अर्धं अंदाजानं जुळवायचं. त्यात त्यांचा वर्ग वरच्या मजल्यावर पत्र्याखाली आणि कोल्हापूरचा जुलै कसा असतो ते सगळ्यांनाच माहीत आहे. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की तो मशीन काढून कंपासपेटीत ठेवायचा कारण डोकं दुखायचं, आणि मग त्यावरूनही बोलणी खायचा.

आता हेच सगळं तिसरीच्या बाईंना पक्कं माहीत होतं. त्या वर्षी मी जूनमध्ये दोनदा जाऊन बोलले, पहिले दोन महिने त्यांचाही गोंधळ झाला, पण दिवाळीपर्यंत त्यांनी सगळं बसवलं. पहिल्या बाकावर, फॅनपासून लांब, फळ्यावर लिहून झालं की वर्गाकडं तोंड करून मग बोलायचं, गृहपाठ तोंडी न सांगता फळ्यावर लिहायचा, शेजारी एक हुशार मुलगा बसवला जो पान नंबर बोटानं दाखवायचा. यात एक रुपया खर्च नाही. त्या वर्षी पोरगं रोज शाळेतनं येऊन वर्गात काय झालं ते बडबडायचं. मग चौथीला वर्गशिक्षक बदलले आणि तिसरीच्या बाईंना जे जे कळलं होतं ते त्यांच्याजवळच राहिलं, कुठं लिहिलेलंच नव्हतं. मी पुन्हा जूनपासून सुरू. आणि आपल्याकडं स्कॉलरशिपचं केवढं वेड आहे, जादा तासाच्या बॅचला याला घेतलंच नाही, 'त्याला झेपणार नाही, कशाला त्रास देताय' म्हणून. गणितात वर्गातल्या पहिल्या पाचात असलेल्या मुलाला!

अशा मुलांसाठी शिकलेल्या विशेष शिक्षिका आहेत. त्या फिरत्या आहेत, स्कूटीवरून शाळा शाळा करतात. वर्षभरात आमच्या शाळेत दोनदा आल्या, दोन्ही वेळा अर्धा तास. त्या अर्ध्या तासात त्यांनी जे ओळखलं ते आम्हाला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे माणूस जाणकार आहे, पण त्यांच्या वहीत इतक्या शाळांची नावं होती की त्या तरी काय करणार. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की प्राथमिकला अशा 10 मुलांमागं एक विशेष शिक्षक पाहिजे आणि त्याच्या पुढच्या वर्गांना 15 मुलांमागं एक. राज्य सरकारनं 2024 मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची 4860 पदं मंजूर केली, चांगलं झालं, वर्षानुवर्षं कंत्राटावर काढलेल्यांना आधार मिळाला. पण एका केंद्रात दहा-बारा शाळा तरी येतात. आमच्यासारख्या शहरातल्या लोकांचं एकवेळ निभेल, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचं काय होत असेल, पावसाळ्यात तर विचारूच नका.

आणि एक वाक्य आम्ही सगळे पालक ऐकून ऐकून थकलोय, 'याला विशेष शाळेत का घालत नाही?' विशेष शाळांबद्दल मला आदरच आहे, काही मुलांना तिथंच खरं शिक्षण मिळतं. पण निवड कुणी करायची? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट आहे की 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला घराजवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. शाळेनं भेदभाव न करता घ्यायचं, गरजेप्रमाणं सोय करायची, शिक्षकांना तयार करायचं हे पण त्यातच आहे. कायदा 2017 पासून लागू आहे. माझ्या ओळखीच्या एका ताईंच्या मुलीला लर्निंग डिसॅबिलिटी आहे हे नववीत कळलं, तोपर्यंत सगळे तिला आळशी म्हणत होते, घ आणि ध, भ आणि म यात ती पहिलीपासून अडकत होती. बोर्डाला तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो हेही त्यांना दुसऱ्या एका पालकांनी सांगितलं.

आपल्या गावात हे व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. म्हणजे मूल शाळेत आणायची जबाबदारी राज्यानं अंगावर घेतली होती. आज आम्ही हात धरून मूल शाळेत घेऊन येतो आणि आम्हालाच समजूत घातली जाते की त्याला कशाला त्रास. नसीमादीदी हुरजूक यांनी 1984 मध्ये व्हीलचेअरवरून हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था याच गावात उभी केली, त्यामुळं कोल्हापूरला हे जमत नाही असं कुणी मला सांगू नये.

माझं मागणं मोठं नाही. पदं भरा, विशेष शिक्षक महिन्यातनं निदान दोनदा शाळेत दिसू देत, हे तर आहेच, पण त्याला वेळ लागेल हे मलाही कळतं. तोपर्यंत महापालिका, जिल्हा परिषद आणि खाजगी, सगळ्या शाळांनी एवढं करावं की अशा प्रत्येक मुलाचा एक कागद करावा, त्याला काय अडतं आणि काय केलं की जमतं, वर्षाअखेरीला जुन्या वर्गशिक्षकांनी तो लिहावा आणि शाळा उघडायच्या आधी नव्या वर्गशिक्षकांच्या हातात द्यावा. दाखल्यासारखा तो मुलाबरोबर पुढच्या वर्गात, पुढच्या शाळेत जावा.

यंदा मी तो स्वतःच लिहिलाय. पहिल्या बाकावर, फॅनपासून लांब बसवा. बोलताना चेहरा त्याच्याकडं. शुद्धलेखन घालताना एका जागी उभ्या राहा. वर्गात एखादा मुलगा उत्तर देत असेल तर ते परत सांगा, मागच्या बाकावरचं त्याला ऐकू येत नाही. 'कळलं का' विचारू नका, तो हो म्हणतो, काय कळलं ते विचारा. पाऊस जोरात असला तर फळ्यावर लिहा. मशीनची बॅटरी, नारिंगी स्टिकरची 13 नंबर, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे, त्याला स्वतःला बदलता येते, फक्त दोन मिनिटं द्या. स्कॉलरशिपला बसवा.

जागा असेल तर एवढं तरी छापा. ज्या आईवडिलांना उपयोगी पडेल त्यांनी आपापल्या मुलाप्रमाणं बदल करून उतरवून घ्यावं.

आपली नम्र,
एक आई
कळंबा रोड, कोल्हापूर