शांत गावातले घर पावसात पाहा

महोदय,

निवृत्तीनंतर पुणे सोडून भोर, जुन्नर, सासवडकडे घर शोधणारी मंडळी ते पाहायला जातात डिसेंबरातल्या रविवारी. तेव्हा कुठलेही गाव गोडच वाटते. भोरसारख्या घाटाच्या तोंडाशी वसलेल्या गावाची खरी ओळख जुलैत होते. घर घेण्याआधी आषाढात आठ दिवस तिथे भाड्याने राहावे.

घर कौलारू असेल, तर भर दुपारी दिवे घालवून, दारे-खिडक्या लावून वर पाहावे. जिथे उजेडाचे ठिपके दिसतील, तिथे पाणी गळणार. मंगलोरी कौल रिपेवर, म्हणजे छताच्या आडव्या लाकडी पट्टीवर, नुसते अडकवलेले असते. माकडे धावली की ते बोटभर सरकते, आणि रीप वाकलेली असेल तर पुन्हा नीट बसत नाही. उभ्या पावसात एक थेंब आत येत नाही. वाऱ्याबरोबर तिरपा मारा सुरू झाला की अंथरूण ओले. म्हणून मे संपायच्या आत कौले चाळून, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवून, घ्यावीत आणि पन्नासेक जादा कौले पडवीत रचून ठेवावीत. दुसऱ्या कारखान्याचे कौल खाचेत बसतेच असे नाही, आणि जुन्या मापाचे ऐन पावसात शोधत फिरावे लागते.

वादळात तारेवर फांदी पडली, तर बिघाड सापडेपर्यंत रात्र सरते. इन्व्हर्टरची 12 व्होल्टची 150 एएच (अँपिअर-अवर) बॅटरी दोन पंखे आणि 9 वॉटचे चार दिवे मिळून 190 वॉटच्या आसपासचा भार नवी असताना सहा-सात तास ओढते, जुनी झाली की निम्मा वेळ. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप मात्र तिच्यावर लावू नये. सुरू होताना तो चालू भाराच्या कितीतरी पट वीज खेचतो आणि घरगुती इन्व्हर्टर बंद पडतो. आभाळ भरून आले की आधी गच्चीवरची टाकी भरावी. माणशी रोज 135 लिटर धरले, तर दोघांना 1000 लिटर साडेतीन दिवस पुरते.

आता शांततेविषयी. निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, दहा ते सहा लाउडस्पीकरला बंदी आहे. जत्रा आणि वराती हे कितपत मानतात ते वेगळे सांगायला नको. शिवाय आसपास गाड्यांची घरघर नसल्याने पिठाच्या गिरणीचा पट्टासुद्धा तीन आळ्या पलीकडे ऐकू येतो. घर पाहताना गिरणी, मंगल कार्यालय आणि देवळाचा भोंगा कुठल्या दिशेला आहे ते विचारून घ्यावे.

रोजची औषधे पंधरा दिवस पुढची घरात असावीत. आणि पुण्याची शेवटची एसटी स्थानकातल्या फळ्यावर पाहू नये, कंट्रोलरला विचारावी. फळा बहुधा मागच्या वेळापत्रकाचा असतो.

– एक वाचक, कोथरूड, पुणे