आई-बाबा, दुकानाचं शटर उघडलंय

खानापूर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

दादाने अर्धवट काहीतरी सांगितलंय असं कळलं, म्हणून सगळं नीट लिहिते. फाउंड्रीतली नोकरी मी सोडली. बाबांचं जळालेल्या विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंगचं, म्हणजे नवी तार गुंडाळून देण्याचं दुकान आणि मागची शेड साफ करून तिथे दहावीत राहिलेल्या पोरापोरींना मोटार बांधायला आणि घरचं वायरिंग करायला शिकवतेय. फी नाही, दुपारचं जेवण तिथेच. ट्रस्टची नोंदणी झाली. आधी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात, पण आई रात्रभर जागी राहिली असती आणि बाबांचं बीपी चढलं असतं. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या तोंडावर ते मला नको होतं.

घराला धक्का लावलेला नाही. देवघर, मधली खोली, बाबांची वेताची खुर्ची जिथल्या तिथे आहे. पावसाआधी कौलं शाकारून घेतली. न्हाणीत आधाराचा दांडा बसवला, कमोडही बसवला, म्हणजे दिवाळीला आलात की आई, तुला वाकायला नको. मुलं बोळाच्या दाराने ये-जा करतात, तुझ्या तुळशीपाशी कुणी फिरकत नाही. उद्यमबागेत आठवड्यातून दोन दिवस कास्टिंग तपासायचं काम धरलंय, माझा खर्च त्यातून निघतो. पीएफमधले थोडे काढले, सगळे नाही.

बाबा, आपल्या तालुक्यातली ही मुलं दहावीत एका विषयाला गेली की थेट वीटभट्टीवर, नाहीतर गोव्याला हेल्पर म्हणून जातात. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागते, वर दोन वर्षं. घरात तेवढी सवड कुणाला आहे? आणि इकडे शिवारातल्या मोटारी जळतच असतात. तीनातला एक फेज गेला की उरलेल्या दोघांवर भार येतो आणि वाइंडिंग काळं पडतं. पहिला धडा तोच ठेवलाय. जळालेली मोटार उघडायची, कुठलं कॉइल काळं आणि कुठलं लखलखीत ते बघायचं, आणि मोटारीतल्या तीन वाइंडिंगची जोडणी स्टार होती की डेल्टा, हे धरून काय झालं ते सांगायचं. भट्टीवरच्या एका घरातली पोरगी तुमच्या बांबूच्या पट्टीने तार स्लॉटमध्ये अशी बसवते की कागदाला चीर जात नाही. आमचं प्रमाणपत्र सरकारी नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगितलंय.

व्हार्निशचा वास आला की मला लहानपण आठवतं. दिवसभर तुमच्या पायाशी बसून जुनी तार सोलायचे, आणि आई, तू रॉकेलने माझे हात चोळून वर खोबरेल लावायचीस.

आता एक गोष्ट, बाबा, शांतपणे वाचा. रोज सकाळी एक तास कन्नड ठेवलंय. 1986 साली कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात तुम्ही कुठे होतात आणि आजींनी ते दिवस कसे काढले, हे मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. शिकवणं सगळं मराठीतच आहे. पण वीज कंपनीचा, हेस्कॉमचा अर्ज कन्नडात असतो, वायरमनचा परवाना बेंगळूरच्या सरकारचा, आणि ही मुलं तिथे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी राहतात. तुमचं भांडण सक्तीशी होतं. बैलहोंगलच्या गिऱ्हाइकाशी तुम्ही कसं फडाफडा कन्नड बोलायचात, मी ऐकलंय. तरीही मनाला लागलं असेल तर मला रागवा, आईवर राग काढू नका.

आणि ऐका. बाबा, मीठ कमी म्हणजे लोणचंही कमी. बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी. दादाला डबीत वार लिहून द्यायला सांगितलंय. आई, तू लिफ्टमध्ये एकटी जायचं नाही. फिजिओवाल्या ताई सांगतील तो व्यायाम रडत-कुढत का होईना, करायचाच. वहिनीशी पोळ्यांवरून वाद नको. तिच्याबरोबर मांडे पाठवतेय, बाबांना अर्धाच.

बाबा, तुमची वाइंडिंगची डायरी रोज उघडते. एचपी, स्लॉट, टर्न, गेज, सगळं जागेवर आहे. फक्त लोंढ्याच्या राइस मिलच्या पाच एचपीच्या पानावर टर्नचा आकडा ग्रीसने गेलाय. आठवत असेल तर दादाच्या फोनवरून कळवा, सोमवारी पोरं तीच मोटार बांधायला घेणार आहेत.

तुमची,
छोटी