जागेवर बसलेले कोपर पुन्हा उघडायचे कशाला?

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र, एक्स-रे आणि सीटी स्कॅनची चित्रे मिळाली. निखळलेले कोपर भूल देऊन जागेवर बसवले, स्लॅब (अर्धे प्लास्टर) घातला, ठणकाही बराच उतरला. मग आता शस्त्रक्रिया कशासाठी, हा तुझा प्रश्न रास्त आहे. तुझ्या डॉक्टरांनी त्याचे उत्तर दिले असणारच, पण दवाखान्यातल्या घाईत ऐकलेले निम्मे डोक्यात राहत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रौढ माणसांत खांद्याखालोखाल सर्वाधिक निखळणारा मोठा सांधा म्हणजे कोपर. नुसतेच निखळले असेल, कोणतेही हाड मोडलेले नसेल, तर ते जागेवर बसवून थोड्याच दिवसांत हलवायला सुरुवात केली की बहुतेकांचे चांगले होते. तेथे शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते. तुझे प्रकरण वेगळे आहे. निखळताना तुझ्या रेडियसचे (पुढच्या हातातील अंगठ्याकडच्या हाडाचे) डोके फुटले आहे आणि अल्नाच्या (करंगळीकडच्या हाडाच्या) पुढच्या बाजूला असणारे कोरोनॉइड नावाचे टोकही तुटले आहे. निखळणे आणि ही दोन फ्रॅक्चर मिळून जे त्रिकूट होते, त्याला हॉचकिस या अमेरिकन शल्यविशारदाने 1996 साली ‘टेरिबल ट्रायड’ म्हणजे भयंकर त्रिकूट असे नाव दिले. तुझ्या अहवालात तेच शब्द आहेत आणि ते वाचून तू घाबरलास, हे पत्रावरून दिसते. हे नाव त्या काळच्या निराशाजनक निकालांवरून पडलेले आहे. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर ते असू नये, असे माझे मत आहे.

आता हे कोपर आपले आपण का टिकणार नाही, ते पाहू. अल्नाचे वरचे टोक दंडाच्या हाडाच्या गोलाईला पान्ह्यासारखे पकडून असते आणि कोरोनॉइड म्हणजे त्या पान्ह्याचा पुढचा जबडा. दंडाचे स्नायू आवळले की पुढचा हात मागे सरकू पाहतो. त्याला अडवण्याचे मुख्य काम या जबड्याचे. तुकडा चित्रात हरभऱ्याएवढा दिसतो म्हणून त्याला क्षुल्लक समजू नकोस, कारण सांध्याचे पुढचे आवरण त्यालाच चिकटलेले असते आणि तुकड्याबरोबर तेही सुटते. रेडियसचे डोके हा बाहेरच्या बाजूचा टेकू. शिवाय चित्रात न दिसणारी तिसरी इजा बाहेरच्या अस्थिबंधाची, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्याची आहे. पडताना आपण तळहात टेकतो, हात तेथेच रोवलेला राहतो आणि शरीर त्याच्यावरून वळते. त्या पिळात फाटण्याची सुरुवात बहुधा कोपराच्या बाहेरच्या बाजूने होते, पुढचे-मागचे आवरण फाटत जाते आणि आतल्या बाजूचा अस्थिबंध सर्वांत शेवटी तुटतो. बाहेरचा अस्थिबंध बहुतेक वेळा मधोमध न तुटता दंडाच्या हाडावरून मुळासकट उपटला जातो. शल्यविशारदाच्या दृष्टीने ही सोयीचीच गोष्ट, कारण उपटलेले मूळ पुन्हा त्याच जागी बांधता येते.

एक्स-रेत कोपर जागेवर दिसते, असे तू लिहितोस. बाजूने काढलेला एक्स-रे पुन्हा एकदा पाहा: दंडाच्या हाडाची गोलाई आणि अल्नाची खोबण यांच्यातील फट सगळीकडे सारखी नाही, मागे ती किंचित रुंद आहे. म्हणजे सांधा बसला आहे, पण नीट बसलेला नाही. फट एकसारखी असती, तुकडे लहान असते आणि कोपर बरेच सरळ केले तरी ते स्थिर राहिले असते, तर मीही तुला शस्त्रक्रियेविना थांबण्याचा सल्ला दिला असता. अशी थोडी प्रकरणे असतात.

अशा कोपराला नुसत्या स्लॅबवर ठेवले तर काय होते, याची नोंद रिंग आणि ज्युपिटर या शल्यविशारदांनी 2002 साली प्रसिद्ध केली. त्यांच्या 11 रुग्णांपैकी सातांचे कोपर जागेवर बसवल्यावर स्लॅबमध्येच पुन्हा निखळले. शस्त्रक्रियेनंतरही पाच निखळली आणि त्यांत, फुटलेले रेडियसचे डोके नुसते काढून टाकलेले चारही रुग्ण होते. रुग्णसंख्या लहान आहे, पण त्या चौघांनी शिकवलेले आम्ही विसरलो नाही: या इजेत डोके काढून जागा रिकामी ठेवायची नाही. आता तू म्हणशील, की मग प्लास्टर अधिक घट्ट आणि अधिक दिवस ठेवावे. तेथे दुसरा सापळा आहे. कोपराइतका लवकर आखडणारा सांधा शरीरात क्वचितच असेल. तीन-चार आठवडे करकचून बांधलेले कोपर जागेवर राहीलही, पण वाकणार नाही. हलवावे तर निखळते, बांधावे तर आखडते. तुझी शस्त्रक्रिया या पेचातून सुटण्यासाठी आहे. पहिल्या काही दिवसांतच निर्धास्तपणे हलवता येईल इतके ते कोपर पक्के करणे, एवढाच तिचा हेतू आहे. फोटोत सुंदर दिसणाऱ्या एक्स-रेचा मोह आम्हा डॉक्टरांना फार असतो, पण तुला वापरायचा आहे तो हात.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचा क्रम 2004 साली कॅनडातील शल्यविशारद पग, मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आणि थोड्याफार फरकाने तोच सर्वत्र पाळला जातो. काम खोलातून वर येत जाते. बहुधा बाहेरच्या बाजूने छेद घेतात; डोके फुटलेलेच असल्यामुळे त्याचे तुकडे बाजूला केले की कोरोनॉइडपर्यंत वाट मिळते. हे करताना पुढचा हात पालथा ठेवतात, म्हणजे बोटे उचलणाऱ्या स्नायूंची नस छेदापासून दूर सरकते. कोरोनॉइडचा तुकडा मोठा असेल तर स्क्रू. तुझ्यासारखा लहान असेल तर त्याला व आवरणाला मिळून मजबूत धाग्याचा फास टाकतात, ते धागे अल्नात पाडलेल्या छिद्रांतून मागे ओढून घेतात आणि बाकी काम झाल्यावर बांधतात.

मग रेडियसचे डोके. दोन-तीन मोठे तुकडे असले तर ते बारीक स्क्रूंनी जोडता येतात. तीनाहून अधिक तुकडे असले की जोडलेले डोके पुन्हा ढासळण्याची किंवा हाड न जुळण्याची भीती फार, म्हणून तेथे धातूचे कृत्रिम डोके बसवणे शहाणपणाचे. तुझे सीटी स्कॅन पाहता मला हेच घडेल असे वाटते. यातली खरी कसोटी उंचीची आहे. कृत्रिम डोके दोन-तीन मिलिमीटरनेही उंच बसले तर ते समोरच्या कूर्चेवर घासत राहते आणि सांधा एका बाजूने उघडा पडतो. म्हणून काढलेले तुकडे टेबलावर गोल मांडून मूळ डोक्याचे माप घेतात. त्यात एखादा तुकडा कमी भरला तर तो अजून सांध्यातच आहे, हेही तेव्हाच कळते.

शेवटी बाहेरचा अस्थिबंध त्याच्या मूळ जागी हाडाला बांधतात आणि कोपर वाकवून-सरळ करून चालत्या एक्स-रेखाली पाहतात. सांधा टिकला तर टाके घालून काम संपते. नाही टिकला तरच आतल्या बाजूचा अस्थिबंध शिवावा लागतो, किंवा बिजागरीची बाह्य चौकट काही आठवड्यांसाठी लावावी लागते. हे दुसरे फार थोड्यांच्या वाट्याला येते.

यातून काय मिळेल, तेही स्पष्ट लिहितो, कारण खोटी आशा देणे आपल्यात बसत नाही. कोपर पूर्वीइतके पूर्ण सरळ होईल असे धरून चालू नकोस. वर सांगितलेल्या कॅनडातील 36 कोपरांत वाकण्या-सरळ होण्याची हालचाल सरासरी 112 अंश मिळाली आणि काहींना पुन्हा शस्त्रक्रियाही लागली. मॉरे या शल्यविशारदांनी 1981 साली मोजून दाखवले, की रोजची बहुतेक कामे 30 ते 130 अंशांच्या टापूत आणि तळहात वर-खाली प्रत्येकी 50 अंश फिरवून होतात. म्हणजे सरळ होताना 15-20 अंश उणे राहिले तरी तुझे लिहिणे, जेवणे, केस विंचरणे अडणार नाही. आखडणे, स्नायूंत नको तेथे हाड तयार होणे, करंगळीकडे मुंग्या येणे, क्वचित जंतुसंसर्ग, हे धोके आहेत. त्यांबद्दल संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी मोकळेपणाने विचार.

पुढचा निम्मा भाग तुझ्याकडे आहे. व्यायाम उताणे झोपून, दंड छताकडे उभा धरून करायला सांगतील. त्या स्थितीत हाताचे वजनच सांधा जागेवर दाबून ठेवते. हात शरीरापासून बाजूला उचलून कोपर हलवणे मात्र सुरुवातीला टाळायचे, कारण तसे करताना नव्याने बांधलेल्या बाहेरच्या अस्थिबंधावर ताण येतो. मालीश आणि दुसऱ्याने जोर लावून वाकवणे कटाक्षाने नको. सूज वाढते आणि मिळवलेलेही जाते. आपल्याच स्नायूंनी, दिवसातून अनेकदा, थोडे थोडे. तुझा स्वभाव एका दिवसात सगळे उरकण्याचा आहे, म्हणून हे दोनदा वाच.

आता निर्णय. तारीख पुढे ढकलू नकोस. सूज थोडी ओसरली की पहिल्या एक-दोन आठवड्यांत हे काम करणे सोपे असते. त्यापुढे ऊती चिकटतात, अस्थिबंध आक्रसतो आणि तीच शस्त्रक्रिया कठीण होते. कृत्रिम डोक्याचे सर्व आकार त्या दिवशी शस्त्रक्रियागृहात तयार असतील ना, एवढे मात्र डॉक्टरांना जरूर विचार. अंतिम निर्णय सांधा उघडून प्रत्यक्ष पाहणाऱ्याचाच. ऐन वेळी त्यांनी बेत बदलला तर त्यावर विश्वास ठेव.

वहिनींना नमस्कार सांग. उत्तर त्यांच्याकडून लिहवून घेतलेस तरी चालेल.

तुझा,
विनायक