धुराची काळजी करू नका

आखेन (जर्मनी), 16 नोव्हेंबर

ती. अण्णा आणि ती. आई यांना शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. ज्वारीचं पीठ अजून महिनाभर पुरेल.

अण्णा, "दिवसभर धुरात बसून छाती खराब होईल" असं तुम्ही म्हणालात. तसं बिलकुल नाही. इंजिन काचेपलीकडच्या बंद खोलीत चालतं. मी कॉम्प्युटरवर त्याच्या धुराचं गणित मांडतो, एवढंच.

"काय करलालास रे तिथं?" असं आईनं विचारलं, तेव्हा फोनवर धड सांगता आलं नाही. आई, 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात तू टँकरचं पाणी घागरीवर फडकं बांधून गाळायचीस. पहिली कळशी गढूळच उतरायची. फडक्यावर गाळाचा थर धरला की पाणी नितळ यायचं, पण धार बारीक व्हायची. डिझेल इंजिनाचा धूर गाळणारी माझी गाळणी तशीच, फक्त भाजलेल्या चिनी मातीसारखी. मधाच्या पोळ्यासारखी लांब घरं. एक पुढून बुजवलेलं, शेजारचं मागून. म्हणून धुराला भिंतीतून पाझरूनच जावं लागतं. काजळी आधी भिंतीच्या छिद्रांत अडकते, मग वर थर धरते आणि पुढं तो थरच गाळतो. तू फडकं झटकायचीस, इथं काजळी जाळावी लागते, 600 अंशांच्या आसपास. ती किती साचली हे उघडून बघता येत नाही. गाळणीच्या पुढचा-मागचा दाब मोजून ओळखायचं. अंदाज चुकला, जास्त काजळी एकदम पेटली, की गाळणीला तडा जातो. शिवाय इंजिन ऑइलची राख जळत नाही, साचतच जाते. तिचा दाब काजळीचा धरला की सगळा हिशोब बिघडतो. त्या राखेनं सध्या माझी झोप उडवली आहे.

मामांच्या नव्या डिझेल गाडीतही ही गाळणी आहे. 2020 च्या एप्रिलपासूनच्या बीएस-6, म्हणजे धुराच्या कडक नियमांतल्या, डिझेल गाड्यांना ती असते. त्यांना सांगा, सारखी गावातल्या गावात फिरवू नका, अधूनमधून लातूरपर्यंत सलग पळवा, म्हणजे काजळी जळून जाईल.

थंडीचं म्हणाल तर खोली उबदार आहे. पण इथले लोक कडाक्याच्या थंडीतही खिडक्या सताड उघडतात! सकाळी, दुपारी, रात्री, पाच-दहा मिनिटं. त्याआधी हीटर बंद करायचा. फट ठेवलेली चालत नाही, पूर्णच उघडायची. श्वासाचा, अंघोळीचा, भाताचा दमटपणा भिंतीला धरून बुरशी येते म्हणे. भाड्याच्या करारात तसं लिहिलंय, आणि घरमालकीणबाईंनी स्वतः येऊन कशी उघडायची ते दाखवलं. याला 'लुफ्टेन' म्हणतात. मी स्वेटर घालूनच उघडतो, आई.

तूही चुलीपुढची खिडकी उघडत जा. गॅस असताना भाकरी चुलीवरच कशाला? आणि अण्णा, ट्रॅक्टर शेडमध्ये चालू ठेवून बसू नका. डिझेलच्या धुरानं कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं 2012 सालीच जाहीर केलंय.

दीड लाख परवा पाठवलेत. त्यातून मंगल कार्यालयाचा इसार द्या. सोयाबीन पडत्या भावात विकू नका, उरलेले मी जानेवारीत पाठवतो. माझ्यासाठी स्थळं बघणं एवढ्यात नको.

धाकटीचं लग्न माघात धरलंत, बरं झालं. पण चाचणीसाठी इंजिन मला नेमकं त्याच आठवड्यात मिळतंय, पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. मी तीनदा विचारून बघितलं. कानपिळीला काकांच्या लेकाला उभं करा. तिला अजून सांगू नका, रविवारी मीच फोन करतो.

तुमचा,
बाळू